पेन्सिलीची हद्द

आमचे भूगोलाचे सर फळ्यावर कोकणचा किनारा एका दमात काढत. डहाणूपाशी टेकवलेला खडू वेंगुर्ल्याच्या खाली गेल्यावरच उचलला जायचा. मधे थळ, अलिबाग, रेवदंड्याची खाडी, आमचं मुरुड, सगळं आपापल्या जागी. मी एकदा तो किनारा पट्टीने मोजून छापील नकाशाशी ताडून पाहिला. चूक सापडली नाही. देशांच्या हद्दी मात्र ते तुटक टिंबांनी काढत, आणि आमच्या वहीत किनारा शाईने, हद्द पेन्सिलीने असा त्यांचा सक्त नियम होता. शाईने हद्द काढणाऱ्याचे दोन गुण जात. "किनारा आपल्या आधीचा आहे," ते म्हणत, "हद्द माणसाने आखलेली आहे. चुकली तर माणसाला दुरुस्त करता आली पाहिजे." गाव त्यांना नकाशेसर म्हणायचं.

सर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांच्या पूर्वजांना या किनाऱ्यावर शनवार तेली म्हणत. माझ्या लहानपणी आमच्या आळीत त्यांची अकरा घरं होती. मी नोकरीला लागलो तेव्हा चार उरली आणि लग्न झालं तेव्हा एक. बाकीची इस्राएलला गेली. सरांची एकुलती मुलगीही अश्दोदला गेली. सर गेले नाहीत. कोणी विचारलं तर सांगत, "तिकडे समुद्र पश्चिमेलाच आहे, इकडेही पश्चिमेलाच आहे. मग उगाच हलायचं कशाला?"

ते देवभोळे नव्हते, पण धर्म काटेकोर पाळत. शनिवारी चूल पेटत नसे. मुरुडात जन्म काढून त्यांनी कधी कोळंबी खाल्ली नाही की खेकडा नाही. खवल्यांचा मासा तेवढा घरात यायचा. कोळणी टोपली घेऊन दारावरून जाताना आतूनच विचारत, "खवल्याचा हाय काय गो आज?" नसला तर त्या न थांबता पुढे जात.

दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत, त्यांच्या झाडांच्या सणाला, ते घरी मलिदा करत. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची. वर फळं आणि गुलाब. एलियाहू हनाबी या त्यांच्या प्रेषिताचं नाव घेऊन प्रार्थना म्हणायची आणि प्रसाद वाटायचा. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला त्यांच्याच धर्माचे दहा पुरुष लागतात. घरं संपली तेव्हा सरांनी दहाची संख्या शेजाऱ्यांतून भरली: तीन कोळी, तीन माळी, एसटीचे एक निवृत्त ड्रायव्हर, समोरचे हमीदभाई आणि मी. दहावे सर. माझी जागा सातवी. मुलगी फोनवर म्हणायची, "पप्पा, हे दहा धरत नाहीत." सरांचं उत्तर ठरलेलं असायचं, "नियमात बसत नाही हे मला ठाऊक आहे. सतरंजीवर बसतात."

मलिद्यातला खजूर हमीदभाईंच्या घरून यायचा. त्यांनी बावीस वर्षं कुवेतला काढली होती. ते परतल्यावर पुतण्या नदीम तिकडे गेला. स्टीलच्या डब्यातून खजूर यायचा आणि त्याच डब्यातून मलिदा परत जायचा. मी पाहिलं त्यात हे एकाही वर्षी चुकलं नव्हतं.

मग इस्राएल-गाझाचं ते युद्ध पेटलं. साडेतीन महिन्यांनी मलिद्याचा दिवस जवळ आला, पण हमीदभाईंची आमच्या ओट्यांवरची बैठक केव्हाच बंद झाली होती. नदीम सुट्टीवर आला होता. ढिगाऱ्यांतून काढलेली पोरं तो दिवसभर फोनवर बघायचा. सरांचा नातू तिकडे हद्दीपलीकडे डोंगरावर वसवलेल्या एका वसाहतीत राहायला गेला होता, बंदूक बाळगत होता, ही बातमीही आळीला होती.

त्या नातवाने आजोबांना एक नकाशा पाठवला होता. त्यात दोन देशांमधली हद्दच नव्हती. सगळी जमीन एका रंगात आणि खाली पोथीतलं वचन. त्याच सुमारास नदीमने एका सभेतून आणलेला नकाशा सरांपुढे टाकला होता. त्यातही हद्द नव्हती, रंग दुसरा, आणि खाली दुसऱ्या पोथीतलं वचन. सरांनी मला बोलावून दोन्ही कागद दाखवले. "अश्दोद ते गाझा," ते म्हणाले, "आपल्या अलिबाग-मुरुडच्या रस्त्याएवढंही अंतर नाही. तेवढ्या जमिनीचे हे दोन सातबारे. दोन्हींवर मालक म्हणून देवाचं नाव, आणि तलाठी कुणालाच नको. भांडण जमिनीचं असेपर्यंत मोजणी करता येते रे. पोथीचं झालं की मोजणारालाच गद्दार म्हणतात."

मी बंदरावर भरती-ओहोटीची नोंद ठेवतो. आकडा अपुरा राहिला की मला चैन पडत नाही. हमीदभाई येणार नाहीत असं दिसल्यावर मी सरांना न विचारता दहावा माणूस शोधला. गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष दिलीप, सरांचाच विद्यार्थी. तो आनंदाने हो म्हणाला. चूक माझी होती, आणि ती मला साडेचारला सरांच्या दारात पोचल्यावर दिसली. दारावर मंडळाचा बॅनर होता. आपला आणि इस्राएलचा झेंडा, मधे सरांचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत 'शत्रू एक, लढा एक'. बॅनरचं तोंड बरोबर हमीदभाईंच्या ओट्याकडे होतं.

सर बाहेर आले, चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं आणि आत जाऊन बसले. दिलीप हमीदभाईंच्या जागेवर बसला होता.

"दिल्या, ती जागा हमीदची."

"तो न्हाय येत सर. आम्ही हाव ना तुमच्या बाजूचे."

"माझी बाजू कुठली ते मला विचारलंस का?"

"त्यात काय विचारायचं? तुमच्या देशाने दाखवून दिलं ना, कसं राहायला पाहिजे ते."

"माझा देश," सर म्हणाले, "ह्या खोलीत मी जन्मलो. पलीकडच्या खोलीत माझा बाप वारला. तुला सहावीत मीच दोनदा नापास केला. अजून कुठला देश? माझ्या नातवाला जे सांगितलं तेच तुला सांगतो. देवाला पुढे करून शेजाऱ्याला हुसकू नये. तो बॅनर उतरव आणि ये. दुसरी जागा आहे."

दिलीपने बॅनर उतरवला, गुंडाळला आणि तो निघून गेला. पुढे कधी सरांशी बोलला नाही. "म्हातारा शेवटी त्यांच्यातलाच," असं नाक्यावर सांगत राहिला.

आम्ही नऊ उरलो. सर उठले आणि समोर गेले. मीही मागोमाग गेलो, कारण बॅनरचं पाप माझं होतं. दारात नदीम उभा होता.

"चाचा घरी नाहीत."

"हमीद," सर आत बघून म्हणाले, "तुझ्या चपला बाहेर आहेत."

हमीदभाई बाहेर आले. म्हणाले, "मास्तर, घरात पोरं ऐकत न्हाईत. आणि मलाबी गिळत न्हाय. तुमचा नातू तिथं बंदूक घेऊन हाय."

"आहे. आणि चुकतोय. तसं त्याला सांगितलं तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. आता तूही बोलू नकोस, म्हणजे दोन्ही बाजू पुऱ्या होतील."

"आणि आमची मेलेली पोरं?" नदीम म्हणाला.

"त्यांच्यासाठीही आज प्रार्थना म्हणणार आहे. मला येते त्या भाषेत. तुला चालत नसेल तर तसं सांग."

सर परत येऊन बसले. वेळेच्या बाबतीत ते शाळेच्या घंटेसारखे, पण त्या दिवशी पोथी उघडून गप्प बसून राहिले. मी घड्याळ पाहत होतो. अकराव्या मिनिटाला हमीदभाई आत आले आणि आपल्या जागेवर बसले. हातात डबा होता.

"उशीर केलास," सर म्हणाले.

"डबा सापडत नव्हता."

दहा झाले. सरांनी प्रार्थना सुरू केली. नदीम आला नव्हता.

सर गेल्या जूनमध्ये गेले. तेव्हा युद्धामुळे तिकडची विमानं बंद होती, मुलीला येता आलं नाही. ठाण्याहून आणि अलिबागहून त्यांच्या समाजाची सात माणसं आली. मृतासाठीची त्यांची प्रार्थना दहांशिवाय होत नाही, आणि तिथे शेजारी धरत नाहीत. त्या सातांतल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी ते हात जोडून सांगितलं, आणि ती प्रार्थना राहिली. मला वाईट वाटलं, पण नियम सरांनाही प्रिय होते. कबरीत पाणी झिरपत होतं. गुडघाभर चिखलात उतरून बादलीने ते उपसत होता नदीम, पुन्हा सुट्टीवर आलेला. उपसून झाल्यावर तो वर आला नाही. सरांना खाली त्यानेच हातांवर घेतलं. वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारलं, "आपण कोण?"

"समोर राहतो," तो म्हणाला.

घर आवरताना सरांच्या टेबलात ते दोन्ही नकाशे निघाले. एकावर नातवाचा पत्ता लिहिलेला, दुसऱ्यावर 'नदीमला परत देणे'. दोन्हींवर सरांनी गाळलेली हद्द टिंबांनी पुन्हा काढली होती, आणि हद्दीच्या दोन बाजूंना दोन्ही देशांची नावं लिहिली होती. अक्षर थरथरलेलं, टिंबं मात्र नेमकी. मी नदीमला बोलावलं. त्याने दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. टिंबावर टिंब बसत होतं.

"पेन्सिलीनं का काढलंय?" त्याने विचारलं.

सर वर्गात सांगत ते मी सांगितलं.

त्याने अंगठा त्या रेघेवर ठेवला. एकदा फिरवला असता तर ती पुसली गेली असती. मग त्याने अंगठा उचलला, रेघेवर मोड पडणार नाही अशी आपल्या कागदाची घडी घातली आणि तो घरी घेऊन गेला. नातवाचा नकाशा मी दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकला. त्याची पोच अजून आलेली नाही.