दिराची नवी टर्बो आणि मी चालवते ती जुनी

शेवगावात आमची जुनी जपानी टर्बो गाडी सगळे नवऱ्याची म्हणून ओळखतात. हौसेने पुण्याहून सेकंडहँड आणली त्यांनीच. पण क्लच इतका जड, की त्यांची कंबर धरली. तेव्हापासून तिसगावच्या कॉलेजात शिकवायला मी तिच्यातूनच जाते.

यंदा दिवाळीला पुण्याचा दीर त्याच गाडीची नवी पिढी घेऊन आला. ऑटोमॅटिक, मोठा स्क्रीन. दोघे भाऊ सकाळभर दोन्ही बॉनेटं उघडून उभे.

"जुनीत दमच न्हाई दादा. दाबली की वाट बघावी लागती," दीर म्हणाला.

"टर्बोचा जोर उशिरा येतो, पण कधी येणार ते पायाला कळतं," मी म्हणाले. त्याने मोबाईलवरचे नव्या गाडीचे आकडे माझ्यापुढे धरले.

मग करंजी घाटात तुलना करायचं ठरलं. नवी घेऊन दीर मागे, जुनी चालवायला बसला नवरा. मी मागच्या सीटवर. चढाला पुढे उसाची ट्रॉली. हे तिसऱ्या गिअरमध्येच रेटत राहिले. गाडी रखडली, यांनी अ‍ॅक्सिलरेटर खाली दाबला, आणि ऐन वळणावर टर्बोचा जोर एकदम आला. यांनी घाबरून ब्रेक मारला.

"धोक्याची झालीय ही गाडी."

"दुसरा गिअर टाकायला हवा होता," मी म्हणाले.

घाटाच्या माथ्यावर मी दिराकडे किल्ली मागितली.

"वहिनी, हिचा पिकअप लई हाय. झेपंल का?"

मी नुसता हात पुढे धरला.

खरं सांगायचं तर नवी उत्तम होती. पाय टेकवला की उचलायची. जुनीत ज्या वळणावर मी श्वास रोखते, तिथे हिला काहीच वाटलं नाही. नावं ठेवायला जागा सापडेना, म्हणून मी आणखीच चिडले. फक्त स्टिअरिंग स्कूटीसारखं हलकं. खाली खडी आहे की डांबर, हाताला पत्ताच लागेना.

एक फेरी मारून माथ्यावर परत येऊन मी सांगितलं, "चढाला नवी चांगली. ब्रेकही चांगले. पण रस्ता हाताला कळत नाही, म्हणून रोजच्या जाण्यायेण्याला मला..."

"बघ दादा! वहिनीबी म्हणतात नवीच चांगली!"

वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. टपरीवरचा चहा येईपर्यंत दोघांनी जुनी विकायचं ठरवूनही टाकलं. तुला छोटी ऑटोमॅटिक घेऊ, असं नवरा म्हणाला. लहान मुलीला फुगा कबूल करावा तसं.

"ती मी चालवते. मला विचारलंत का?"

"आत्ता तूच म्हणालीस ना?"

घाट उतरताना जुनी मीच चालवली. नवरा शेजारी मोबाईल बघत बसला. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ब्रेक न दाबताही इंजिनच्या जोरावर धरून खाली आली. यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

अजून गिऱ्हाइकांचे फोन येतात. हे त्यांना दुपारी बोलावतात, आणि दुपारी गाडी तिसगावात असते. त्यावरून रोज संध्याकाळी आमची वादावादी होते. परवा मी वैतागून विचारलं, "तुलना नक्की कशाची केलीत तुम्ही, गाड्यांची की चालवणाऱ्यांची?" त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.