फाडकाकूंचं निळं कापड

गल्लीत त्यांना फाडकाकू म्हणत, तेही तोंडावर. गोधडीसाठी कुणी जुनी कापडं घेऊन आलं की काकू आधी बसायला सांगत, पाणी देत आणि मग त्याच्यासमोरच कापडाच्या काठाला कात्रीनं जरासा छेद देऊन ते टर्रकन ओढत. कापड कुरकुरत, हट्टानं फाटलं तर पास. मुकाट्यानं फाटलं तर नापास, मग ते साक्षात डॉक्टरीणबाईंचं का असेना. "दिसायला छान आहे हो, पण दम संपलाय. पुसायला ठेवा," एवढं बोलून गठ्ठा परत. माणसं रुसायची आणि दोन दिवसांनी दुसरा गठ्ठा घेऊन यायची. कारण तीस वर्षांत काकूंची एकही गोधडी फाटून परत आली नव्हती. ही गोष्ट काकू स्वतःच सगळ्यांना सांगत. का सांगू नये?

आता गुडघे आणि डोळे दोन्ही संपावर गेले होते. काम सुनेच्या हाती द्यायची वेळ आली होती. सुनेचा टाका मुंग्यांच्या रांगेसारखा, बारीक आणि सरळ. पण तिला नाही म्हणता येत नसे. गिऱ्हाईक म्हणालं, "असू दे गं, घाल त्यातच," की ही घालायला तयार.

"भीड भिकेची बहीण असते, सूनबाई," काकू बजावत. "तू अशीच हो-हो करत राहिलीस तर वर्षभरात माझं नाव मातीत जाईल."

सून मान डोलवी आणि पुन्हा तेच करी. त्यामुळे कापड पारखायचं काम काही काकूंच्या हातून सुटत नव्हतं.

मग नात झाली. तिच्या गोधडीसाठी काकूंनी पत्र्याची पेटी उघडली. तळाशी मलमलीत गुंडाळलेलं निळं कापड होतं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं, पहिल्या कमाईतून घेतलेलं. मुलाच्या वेळीसुद्धा त्यांनी ते काढलं नव्हतं.

"हे मधोमध येऊ दे," त्या सुनेला म्हणाल्या. ते पारखून बघावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

सुनेनं कापड टेबलावर पसरलं. घडीच्या रेघेवरून अंगठा फिरवला. सासूकडे पाहिलं, पुन्हा कापडाकडे पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला, कात्री घेतली, घडीवर छेद दिला आणि ओढलं. कापडाचे दोन तुकडे झाले, आवाज न करता.

"अगं, आईचं आहे ते," तिचा नवरा कळवळला.

"माहीत आहे मला." तिनं दोन्ही तुकडे काकूंपुढे धरले. "आई, घड्यांवर पार विरलंय हे. चार धुण्यांत भोक पडेल. मी हे घालणार नाही."

काकूंनी कापड ओढून घेतलं. दुसऱ्या घडीवर फाडून पाहिलं, तिसऱ्या घडीवर पाहिलं. तेच. इतकी वर्षं जपून ठेवलं आणि घडी मात्र एकदाही बदलली नाही. डोळ्यांत पाणी आलं. रागही आला, खोटं कशाला बोला. पण समोर सून स्वतःचेच हात घट्ट धरून उभी होती, आणि तिला बघताना तो राग टिकेना. जी परक्या गिऱ्हाइकाला नाही म्हणत नव्हती, तिनं सासूला नाही म्हटलं होतं, आणि तेही नाही म्हणायलाच हवं अशा कापडाला. काकूंना तिचा फार अभिमान वाटला.

"तुझ्या नवऱ्याचा कामावरचा जुना शर्ट बघ," एवढंच त्या म्हणाल्या. शर्ट असा फाटला की शेजारच्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पोस्टातल्या बाई जुन्या पडद्यांचा गठ्ठा घेऊन आल्या.

"मी नाही बघत आता," काकू शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "आत जा. सूनबाई बघेल."

बाई खुशीत आत गेल्या. थोड्याच वेळात गठ्ठा काखेत मारून, तोंड पाडून बाहेर आल्या.

"तुमच्यापेक्षा कडक आहे हो ही," त्या म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत काकूंनी हे वाक्य सगळ्या गल्लीला ऐकवलं होतं.