वर केलेला हात

बहात्तरच्या आसपासची गोष्ट. अकलूजला कबड्डीचा सामना होता. समोरच्या संघात एक शाळामास्तर होता. उभ्या उभ्या हाताला माती चोळून खडू झटकावा तशी झटकायचा. मी चढाईला गेलो आणि माझं बोट त्याच्या गुडघ्याला निसटतं लागलं. पंचाला ते दिसलं नाही, तरी मास्तरनं आपणहून हात वर केला आणि बाद होऊन बाहेर गेला. टाळ्या पडल्या. मला शंका आली, कारण तो निवडणुकीला उभा राहणार अशी कुजबुज होती.

सामना संपल्यावर मी म्हणालो, "मास्तर, कुणी बघितलं नव्हतं की."

"तुमाला ठाऊक हाय की," तो म्हणाला.

शंका तशीच ठेवून मी त्याला मत दिलं. तो निवडून आला. दोन वर्षांनी आमच्या गावात त्याची सभा झाली, तेव्हा मी उठून विचारलं, "आमच्या शाळेला मास्तर देणार हुता, त्याचं काय झालं?"

त्यानं तस्साच हात वर केला. "चूक माझीच हाय."

पुन्हा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

कबड्डीत हात वर केला की माणूस मैदानाबाहेर जातो. तो मात्र परत खुर्चीत जाऊन बसला.