बुरुजाला टेकलेली अकरा घरे

सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. नगर परिषदेचे शिपाई चंद्रभान अढाऊ दहाव्या दारावर मैद्याची खळ लावत होते. खळ त्यांनी ऑफिसच्या चहाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजवून आणली होती.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले हे गाव. विहिरी खाऱ्या, वेस दगडी, बुरूज तीन. उत्तरेच्या बुरुजाला टेकून अकरा घरे आहेत. मागच्या पावसाळ्यात त्या बुरुजाला फुगवटा आला आणि दोन दगड माणिकबाईंच्या न्हाणीत पडले. परिषदेने ठराव केला : सात दिवसांत घरे रिकामी करावीत. मालकाने नोटीस घेतली तर सही, नाही घेतली तर दोन पंचांसमोर ती दाराला चिकटवायची आणि फोटो काढायचा. आतापर्यंत एकानेही घेतली नव्हती.

दहावे दार माणिकबाईंचे.

"चंद्रभान, खळ पातय झाली रे. वाऱ्यानं उडून जाईन तुयी नोटीस."

"उडाली तरी फोटोत रायते, काकू."

"मंग फोटोलेच बाहेर काढा ना घरातून. आमी रायतो."

वेशीजवळचे शिंपी डोमाजी पंच म्हणून आले होते. ते हसले. ज्युनियर इंजिनिअर शुभंकर मोबाइल धरून उभा होता. तो हसला नाही.

"चंद्रभानभाऊ, शेवटची मी लावू का?"

"नाही साहेब. बजावणाऱ्याची सही मायी हाये."

अकरावे घर चंद्रभान यांचे होते. आईने ते सुनेच्या नावे केले होते, म्हणून नोटीस कौशल्या चंद्रभान अढाऊ यांना होती. कौशल्याबाई पिठाच्या हातांनी दारात आल्या.

"घे. सही कर."

"काहून करू?"

"नाही केली तं चिकटवा लागते."

"मंग चिकटवा. दहा दारांले लावली, मायंच दार का सोन्याचं हाये? मी सही केली तं उद्या ऑफिसवाले साऱ्यांले सांगतीन, शिपायाच्या बायकोनं घेतली, तुमी काहून नाई घेत?"

चंद्रभान यांनी कुंचा गंजात बुडवला. उघड्या दारावर कागद सरळ बसेना. कौशल्याबाईंनी आतून दार ओढून घेतले. चंद्रभान यांनी चारही कोपरे तळव्याने दाबले. शुभंकरने फोटो काढला. पंचनाम्यावर डोमाजींनी सही केली, दुसऱ्या पंच म्हणून शेजारच्या माणिकबाईंनी अंगठा दिला. बजावणाऱ्याच्या रकान्यात चंद्रभान यांनी पूर्ण नाव लिहिले.

सगळे गेल्यावर त्यांनी स्वतःच्या घराची कडी वाजवली.

"उघड. गंज धुवाचा हाये."

दार उघडले. कौशल्याबाईंनी गंज हातातून घेतला.

"उद्या नळ हाये," त्या म्हणाल्या. "आज ऑफिसातून आले की ड्रम घासून ठेवा."

नोटिशीचे सात दिवस उद्यापासून धरले जातील. वेशीच्या आत नळ दर नवव्या दिवशी येतो. उद्या नववा दिवस आहे; त्यापुढचा नळ येईल तेव्हा मुदत संपलेली असेल. पाणी सकाळी सहाला सुटेल आणि सहा पन्नासला बंद होईल.