फुटक्या कातळाजवळचा ओक

नातवंडं झाली तरी आमच्या ह्यांनी मला त्यांच्या ओकची जागा सांगितली नव्हती. जपानातल्या आमच्या यामागाताच्या डोंगरात ही रीतच आहे. म्हाताऱ्या ओकच्या बुंध्याशी माइताके उगवतं, टोपलीभर मोठी अळंबी, आणि ते कुठे उगवतं हे माणूस पोटच्या पोरालाही सांगत नाही. हे तर निघताना आधी उलट्या दिशेने चालत. काही वर्षी रिकामी टोपली घेऊन परत यायचे. “अस्वलानं खाल्लं,” म्हणायचे, आणि तोंड फुगवायचे माझ्यावर.

मग बुंधा पोखरणारा किडा आला. भर उन्हाळ्यात ओक लाल पडायला लागले. गेल्या वर्षी वनखात्याची माणसं घरोघर विचारत आली, “मोठे ओक कुठे आहेत सांगा, औषध टोचून वाचवतो.”

“फुटक्या कातळाच्या अंगाला?” हे म्हणाले. “छे, तिकडे नुसता बांबू.”

मला संशय आला, पण मी चहा ओतला. ह्यांच्याशी वाद घालून घालून थकले होते मी.

यंदा ह्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. आमची मुलगी मित्सुए सुट्टीला येणार होती आणि मरण्याआधी जागा तिच्या हवाली करायची हे एकच ह्यांच्या मनात. पण वाट दिसेना, म्हणून मला सोबत नेलं.

“कुणाला सांगायचं नाही हं.”

“अहो, सांगू कुणाला? गावात उरलंय कोण?”

पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला आला. आजूबाजूचे ओक आधीच गेले होते. त्यांच्या जागी मेपलची कोवळी रोपं आणि कमरेएवढा बांबू माजला होता. मधोमध ह्यांचं झाड उभं होतं, शेंड्यापर्यंत वाळून लाल झालेलं.

“कसं दिसतंय?”

मला खोटं बोलावंसं वाटलं, खरंच. पण ह्यांचा हात तोवर बुंध्याशी गेला होता. बोटांना भुसा लागला, भाजलेल्या सोयाबीनच्या पिठासारखा. हे तो चोळत राहिले.

“आता पोरीला काय दाखवू गं?” म्हणाले.

संध्याकाळी शेजारचा किहाची चहाला आला. आता लपवायचं काय राहिलंय, असं ह्यांना वाटलं असावं. हे बोलून गेले, “फुटक्या कातळाजवळचा ओक मेला रे.”

किहाचीचा पेला हातातच राहिला. “तो? तो तर माझा!”

ज्या वर्षी ह्यांची टोपली रिकामी, त्या वर्षी किहाचीची भरलेली. बिचारं अस्वल उगाच बदनाम झालं होतं.

“वनखात्याला तू काय सांगितलंस?” ह्यांनी हळूच विचारलं.

किहाचीनं मान खाली घातली. “म्हटलं, तिकडे नुसता बांबू आहे.”

“मग बरोबर आहे की,” मी म्हटलं. “आता नुसता बांबूच राहील.” आणि चहा पुन्हा गरम करायला उठले.