भाव मोठ्यानं बोलणारे काशिनाथशेट

काशिनाथशेट भरल्या दुकानातून उठले, तेव्हा मानवतच्या बाजारात एकानंही त्यांना साधू म्हटलं नाही. "काहीतरी काळंबेरं हाय," हेच ज्याच्या त्याच्या तोंडी. मी तर त्यांचा भागीदार. माझा संशय सगळ्यांत मोठा. निजामाचा अंमल, कापसाला उठाव, शेतकऱ्यांचा कापूस विकून देणाऱ्या आमच्या अडतीपुढं झरी-बोरीच्या गाड्यांची रांग, आणि हा माणूस म्हणे मारुतीच्या देवळात बसून ग्रंथ लिहिणार! अहो, सांगता कुणाला?

सकाळभर लिहायचे आणि संध्याकाळी तेच लोकांना वाचून समजवायचे. देऊळ भरून जाई. मी खांबाआड बसून नजर ठेवायचो. दक्षिणा घेतात का, एखाद्या व्यापाऱ्याशी कुजबुजतात का. काही सापडेना, म्हणून तर संशय आणखी वाढे. एकदा त्यांनी मला हेरलंच. "रंगनाथ, संशय धर की! पर म्होरं येऊन धर. आडून बघून मान अवघडंल तुझी." सगळं देऊळ हसलं. असा संताप आला मला!

इकडं दुकान बसत चाललं. "शेटच न्हाईत, तर आमी कशाला यावं?" म्हणत गाड्या दुसऱ्या अडतीवर वळू लागल्या. घरात लग्नाच्या दोन लेकी. शेवटी शेटचे पाय धरले. "एक दिवस गादीवर बसा. गाड्या परत येतील."

"मला नको बोलवू, रंगनाथ. पस्तावशील."

"पस्तावतो. पण बसा."

शेट आले, तशा गाड्याही आल्या. त्या काळी आमच्याकडं भाव तोंडानं होत नसे. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबत. कापूसवाला नुसता दोघांच्या तोंडांकडं बघत राही. खरेदीदारानं रुमाल टाकला. शेटनी तो उचलून बाजूला ठेवला आणि भाव खणखणीत आवाजात बोलले. खरेदीदार तणतणत निघून गेला.

झरीचे कोंडिबा पाटील गाडीवरून उतरले. "शेट, येवढा भाव हाय, मंग गेल्या साली आमाला कमी कसा?"

"गेल्या साली रुमालाखाली मी ह्या खरेदीदाराला सामील झालो. तुमाला कमी दिला, वरचं आमी दोघांनी खाल्लं. लय बेइमानी झाली, पाटील. म्हणून तर उठलो."

पाटलांनी माझ्याकडं बोट केलं. "आन् ह्याला ठाव होतं?"

शेट 'हो' म्हणाले असते, तर माझं कोण ऐकणार होतं?

"न्हाई. त्यालाबी मी फसवलंय."

पाटील शेटच्या पुढ्यात थुंकले. पण कापूस त्यांनी माझ्याच दारात उतरवला. "हितून फुडं भाव असाच सांगायचा. तोंडानं," एवढं मला बजावलं.

दुकान तरलं. देवळात मात्र संध्याकाळी कुत्रं फिरकेना. बेइमानाच्या तोंडून देव कोण ऐकणार? मला वाटलं, आता शेट गाशा गुंडाळणार. बघायला गेलो, तर रिकाम्या देवळात सकाळचं लिहिलेलं मोठ्यानं वाचायलेत. मी समोर जाऊन बसलो.

"आता कशाचा संशय हाय?"

"उद्या येता का न्हाई, त्याचा."

शेट हसले आणि पुढं वाचू लागले. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशीही आले. असे कितीतरी वर्षं येत राहिले, आणि ऐकायला मी एकटा.

ते गेले त्या दिवशी स्मशानातून परतलो, अंघोळ केली आणि सवयीनं देवळात जाऊन बसलो. दिवेलागण झाली. शेट पहिल्यांदाच आले नव्हते. माझा संशय कधीच फिटला होता, आणि ते सांगायला आता समोर कुणी नव्हतं. मी ढसाढसा रडलो.