फुटबॉल खेळताना झालेली इजा

माझे सासरे तरुणपणी हैदराबादेत एका कापड गिरणीच्या संघातून पगारावर फुटबॉल खेळायचे. मग दुसरं महायुद्ध आलं, ते फौजेत भरती झाले आणि ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर गेले. परत आले ते उजवा पाय ओढत. एवढी माहिती घेऊन मी त्या घरात सून म्हणून आले आणि दहा-बारा वर्षं मला याहून जास्त काही ठाऊक नव्हतं. मी त्यांना मामा म्हणायची. हट्टा गावच्या शाळेत मी इतिहास शिकवत होते. पोरांकडून पानिपतच्या तारखा पाठ करून घ्यायची, पण घरात ओसरीवर बसलेला माणूस कुठल्या लढाईत होता, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या साली आमच्या गावात ग्रामसभा भरली. गावातून फौजेत गेलेल्या माणसांची नावं कोरून शाळेच्या आवारात एक शिळा बसवायची, असं ठरलं होतं. त्यासाठी कमिटी नेमली होती आणि तिचे अध्यक्ष होते गावातले एक निवृत्त हवालदार. त्यांची सगळी नोकरी पुण्याकडं फौजेच्या कपड्यांच्या भांडारात गेली होती. त्यांनी यादी वाचली. सगळ्यात वर त्यांच्या चुलत्याचं नाव होतं, खाली त्यांचं स्वतःचं. मामांचं नाव कुठंच नव्हतं.

"आमच्या मामांचं नाव राहिलं," मी उभी राहून म्हणाले.

"राहिलं न्हाई बाई, घेतलं न्हाई," अध्यक्ष म्हणाले. "ही यादी फौजेत काम केलेल्यांची हाय. ते तिथं साहेबापुढं चेंडू खेळून राहिले होते. पाय बी खेळतानाच मोडला. सारं गाव जाणतं."

माणसं हसली. ते हसणं मला चांगलं ओळखीचं होतं. बौद्ध वस्तीतल्या एका माणसाला कुणीतरी खेळायचा पगार देत होतं, हेच त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. मामा मागं भिंतीला टेकून बसले होते. ते तळहातावर तंबाखू मळत राहिले.

"मी कागद आणते," मी म्हणाले.

"आणा की," अध्यक्ष म्हणाले.

घरी येऊन मी मामांपुढं वही-पेन घेऊन बसले. पलटणीचा नंबर काय, कुठं कुठं होतात, पाय कसा गेला, सगळं सांगा, असं मी म्हणाले. ते म्हणाले, "सांगायसारखं काय हाय त्यात पोरी? पाऊस होता. जळवा होत्या. बराबरचे लई गेले." पायाचं विचारलं तर उठून अंगणात गेले. माझा नवरा वसमतला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता. तो म्हणाला, "काहून डोक्याला ताप करून घेतीस? दगडच तं हाय." मला त्याचाही राग आला. दगड होता तर मग हसणाऱ्यांबरोबर खाली मान घालून तू का बसलास, असं मी त्याला विचारलं. दोन दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही.

तेव्हा हिंगोली वेगळा जिल्हा झालेला नव्हता. माजी सैनिकांचं ऑफिस परभणीला होतं. मामांचं फौजेतून सुटल्याचं डिस्चार्ज बुक कधीकाळी तिथं जमा केलेलं होतं, एवढंच सासूबाईंना आठवत होतं. मी रजा टाकून परभणीला गेले. तिथल्या क्लार्कनं पावती मागितली. पावती नव्हती. "मग जमा केलं कशावरून?" तो म्हणाला. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, ते फुटबॉल खेळायचे तेही सांगितलं. त्यानं शेजारच्या टेबलाकडं बघून म्हटलं, "ऐकलं का? यांच्या वस्तीत फुटबॉल होता म्हणे." वस्तीचं नाव मी सांगितलेलं नव्हतं. आडनावावरून त्याला ते कळलं होतं.

मी त्या ऑफिसात किती चकरा मारल्या ते आता आठवत नाही. सकाळी निघायचं, उन्हात स्टँडवरून चालत जायचं, बाकावर बसायचं, जेवायची सुट्टी झाली की बाहेर यायचं, पुन्हा बसायचं. साहेब दौऱ्यावर आहेत, कपाटाची किल्ली ज्याच्याकडं आहे तो रजेवर आहे, तुम्ही लेखी अर्ज द्या, हा अर्ज साध्या कागदावर चालत नाही. शाळेत हेडमास्तर रजेवरून बोलायचे. मी घरी येऊन भांडी आपटायची. मामा ओसरीवर बसून ते ऐकायचे.

एक दिवस मी त्या क्लार्कशी मोठ्यानं बोलत होते. फुटबॉल हा शब्द दोन-तीनदा आला असेल. बाकावर एक म्हातारा बसला होता, लाल पटका बांधलेला, खांद्यावर घोंगडी. तो हयातीचा दाखला द्यायला आला होता. तो म्हणाला, "कोन, हैदराबादवाला का? डाव्या अंगानं पळायचा, अनवानी?"

मामा अनवाणी खेळायचे हे मला घरात कळलेलं होतं, बाहेर मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हातारा सेनगावकडच्या गोरेगावचा होता. घरची मेंढरं होती, आणि जनावरं सांभाळायची सवय म्हणून फौजेनं त्याला खेचरांवर ठेवलं होतं. रसद वर न्यायची आणि येताना जखमी खाली आणायचे. आम्ही दोघं ऑफिसबाहेर लिंबाच्या सावलीत बसलो आणि मला एवढ्या वर्षांत जे कुणी सांगितलं नव्हतं ते त्यानं अर्ध्या तासात सांगितलं. मामा जखमी उचलणाऱ्या तुकडीत होते. सुट्टीच्या दिवशी साहेब लोक सपाटी बघून सामना लावायचे, तेव्हा मामांना खेळायला बोलवायचे, हे खरं. पण पाय गेला तो सामन्यात नव्हे. डोंगराच्या उतारावर मामा आणि दुसरा एक जण स्ट्रेचर घेऊन खाली येत होते. तोफेचा गोळा पडला. स्ट्रेचरवरचा माणूस गेला, मागचा गेला, मामांच्या घोट्यात लोखंडाचा तुकडा घुसला.

"म्या त्याला माझ्या खेचरावर घालून आनलं," म्हातारा म्हणाला. "वाटंनं वरडला न्हाई. पाय ऱ्हाईल का, येवढंच इचारत होता. दर वळनाला तेच."

मी त्याला तहसील कचेरीत येऊन हे लिहून द्याल का विचारलं. "देतो की," तो म्हणाला. "खरं हाय ते लिवून द्याला काय तकलीफ." पुढच्याच आठवड्यात तो सेनगावहून जीपनं, मग एसटीनं असा वसमतला आला आणि स्टँपपेपरवर अंगठा उठवून गेला. माझ्या घरचं जेवून गेला. मामा आणि तो समोरासमोर बसले तेव्हा दोघं मेंढरांबद्दलच बोलले. मला वाटलं होतं रडतील, गळ्यात पडतील. मामांनी त्याला पान लावून दिलं.

त्यानंतर काही महिन्यांनी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसचं पाकीट शाळेच्या पत्त्यावर आलं. मी तिकडं परस्पर पत्रं घातली होती आणि कुणातरी भल्या माणसानं मामांच्या वैद्यकीय बोर्डाच्या कागदाची झेरॉक्स पाठवली होती. मी स्टाफरूममध्ये उभ्यानंच वाचली. उजव्या घोट्याला कायमचं अपंगत्व. कारण, फुटबॉल खेळताना झालेली इजा. लष्करी कामाशी संबंध नाही. म्हणून पेन्शन नाही. खाली मामांची सही होती, उर्दूत. निजामाच्या राज्यात ते उर्दू शाळेत चार बुकं शिकले होते आणि बँकेतसुद्धा उर्दूतच सही करायचे. ती सही मी शंभर सह्यांत ओळखली असती.

मला वाटलं, फसवून घेतली. इंग्रजी कागद पुढं केला, कर म्हणाले, यांनी केली. घरी पोचेपर्यंत मी त्या गोऱ्या साहेबाला, त्या क्लार्कला, अख्ख्या कमिटीला मनातल्या मनात शिव्या घालत होते. मी कागद मामांपुढं धरला आणि काय लिहिलंय ते वाचून दाखवलं.

"बराबर हाय," ते म्हणाले. "म्याच लिवून घेतलं."

मला काही कळेना.

"दवाखान्यात साहेब आला. त्याला माझा खेळ माहीत होता. म्हणला, गोळ्याचा पाय लिवलं तर पेन्शन भेटल, पन मिलवाले तुला टीममधी घेनार न्हाईत. लढाईतला लंगडा कोन घेतो? खेळात मोडलेला पाय जुळल असं लोकायला वाटतं. तुझी जागा ऱ्हाईल. तू सांग, काय लिवू?"

"मग?"

"खेळातला लिव म्हणलो."

"आणि गिरणीवाल्यांनी घेतलं?"

"मॅनेजरनं मैदानात पळवून बघितलं. दुसऱ्या चकरीला पडलो. म्हणला, घरी जा."

मी चिडले. इतकी चिडले की मला बसवेना. मी वर्षभर लोकांच्या दारात उभी राहिले, अपमान गिळले, एका म्हाताऱ्याला कुठून कुठून बोलावून अंगठा उठवायला लावला, आणि हे सगळं माहीत असून तुम्ही ओसरीवर गप्प बसलात, असं मी म्हणाले. एवढी वर्षं पेन्शनशिवाय सासूबाई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला गेल्या, तेही मी काढलं. सासूबाई चुलीपुढं होत्या. त्यांनी मला थांबवलं नाही. त्यांनाही हे आज कळत होतं.

"तू लढाईचं इचारत होतीस," मामा म्हणाले. "लढाईचं मला काय वाटत न्हाई. हे सांगाची लाज वाटत होती."

आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ताट पुढं आपटून जायची. आज लिहिताना त्या आठ दिवसांचा मला सगळ्यात जास्त राग येतो, आणि तो माझ्या स्वतःवर आहे. वीस-बावीस वर्षांच्या एका पोराला दवाखान्याच्या खाटेवर विचारलं होतं, तुला खरं हवं की खेळ हवा? दोन्हीही द्यायचं नव्हतं तर विचारलं कशाला? साहेबाचा हेतू चांगला असेलही. कागदावर खोटं मात्र साहेबानं लिहिलं आणि ते मामांच्या अंगावर राहिलं.

शिळा बसवायच्या आधी पुन्हा ग्रामसभा झाली. मी अंगठ्याचा कागद घेऊन गेले. बोर्डाचा कागद न्यावा की नको, हे माझं ठरत नव्हतं. तो मी घरीच ठेवला, हे खरं सांगते. पण त्याची नक्कल परभणीच्या ऑफिसातून अध्यक्षांना आधीच मिळाली होती. माझ्या वर्षभराच्या अर्जांना जे कपाट उघडलं नाही, ते त्यांच्यासाठी लगेच उघडलं होतं. त्यांनी कागद वर धरून मोठ्यानं वाचला.

"आता काय म्हणता बाई?"

मी बोलायच्या आत मामा उठले. भिंतीला धरून उठले. "सही माझी हाय," ते म्हणाले, "आन लिवलेलं खोटं हाय." मग त्यांनी सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं त्याच शब्दांत, मैदानात पडल्याचंही. या वेळी कुणी हसलं नाही. बायकांच्या बाजूला एकीनं पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, झालं, आता नाव येणार.

अध्यक्षांनी कागदाची घडी घातली. "म्हंजे सरकारला खोटं लिवून दिलं, हे तुमी कबूल करून राहिले," ते म्हणाले. "अशा माणसाचं नाव शिळेवर कसं टाकावं? उद्या आमच्यावर यायचं."

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मामांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "चाल पोरी. मला जे सांगाचं होतं ते म्या सांगितलं." ते स्वतःच्या पायानं सभेतून बाहेर आले आणि मी त्यांच्या मागून.

शिळा त्यांच्या नावाविना बसली. मी रेकॉर्ड ऑफिसला दुरुस्तीचे अर्ज केले. पहिल्याला उत्तर आलं की संबंधितानं स्वतः मान्य केलेली नोंद आता बदलता येत नाही. दुसऱ्याला उत्तरच आलं नाही. हिंगोली जिल्हा झाल्यावर नवं ऑफिस आलं, नवे क्लार्क आले, आणि मी पुन्हा पहिल्यापासून तीच गोष्ट सांगायला लागले. काही वर्षांनी मामा गेले. झोपेतच गेले.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष भेटायला आले. ओसरीवर बसले, चहा घेतला आणि जमलेल्यांना म्हणाले, "माणूस लई चांगला. खेळाडू होता, खेळाडू." मी समोर जाऊन म्हणाले, "चहा झाला असेल तर उठा. या घरात पुन्हा येऊ नका." माझा नवरा शेजारीच उभा होता. नेहमीसारखा तो मला आवरेल असं वाटलं होतं. त्यानं अध्यक्षांच्या चपला उचलल्या आणि पायरीवर नेऊन ठेवल्या.

गोरेगावचा म्हातारा तिसऱ्या दिवशी आला, मुलाचा हात धरून. आता त्याला नीट दिसत नव्हतं. तो सासूबाईंजवळ बसला आणि न विचारताच एका सामन्याचं सांगायला लागला. चिखलात खेळलेला, मामांनी शेवटी गोल केलेला, आणि खेचरंसुद्धा दावणीत उधळली होती म्हणे. सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. नवऱ्याचा खेळ त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांच्या लग्नाच्या आधीच तो संपला होता. "मंग?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. "मंग काय झालं?"

मी आत जाऊन वही आणली आणि त्याला म्हणाले, पहिल्यापासून सांगा.